नापास झालेली अनीसा

दुपारच्या एसटीनं आलेला फुरकान दुकानाच्या दारात उभा राहिला आणि त्याच्या काखेतली गुंडाळलेली रजई पाहताच अनीसाच्या काळजात चर्र झालं! परीक्षा झाल्या नव्हत्या, सुट्ट्या लागल्या नव्हत्या, ईद तर लांबच होती... हॉस्टेलात भावाला थंडी वाजू नये म्हणून स्वतःच्या हातांनी दोरे भरून तिनं जी रजई अमरावतीला धाडली होती, ती ऐन थंडीत घरी परत येते म्हणजे काय, हे पिंजाऱ्याच्या लेकीला कोणी समजावून सांगावं लागत नाही. हातातली सुई समोरच्या गादीत खोचून ती उठली. ओढणीला, केसांना, भुवयांनासुद्धा रुई चिकटलेली होती आणि ती झटकायचंही तिला सुचलं नाही.

"काय झालं रे? तब्येत बरी हाय ना?"

"तब्येतीले काय धाड भरली?" फुरकान हसत हसत आत आला, रजई कोपऱ्यात टाकली आणि माठातलं पाणी गटागटा प्यायला. मग पेला जागेवर ठेवल्याइतक्या सहजपणे तो म्हणाला, "आपा, मी कॉलेज सोडलं. आता परत जाचं नाई."

आतल्या खोलीत अब्बांचा खोकला चालू होता, तो मध्येच थांबला. अनीसाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण फुरकानच्या चेहऱ्यावर ना शरम होती, ना दुःख. उलट ओझं उतरवून आलेल्या माणसाचा मोकळेपणा होता. आणि त्या मोकळेपणानंच तिला सगळ्यात जास्त घाव घातला!

अचलपुरात इनायतुल्ला पिंजाऱ्यांचं दुकान जुनं. फुरकान आणि अनीसा त्यांची दोनच लेकरं. लेकीच्या लग्नात द्यायची गादी घरच्याच कापसाची असली पाहिजे, असा आमच्या वऱ्हाडातल्या कितीतरी घरांचा हट्ट असतो, आणि त्या हट्टावरच हे घर पिढ्यान्‌पिढ्या जगलं. वेचणीतला पांढराशुभ्र कापूस बाजूला काढून शेतकरी इनायतुल्लांच्या ओट्यावर आणून टाकायचा. इनायतुल्ला त्याची सरकी काढायचे, रुई पिंजायचे, गादी भरायचे, आणि सगळ्यात शेवटी त्याच वावरातली चिमूटभर सरकी उशाकडच्या कोपऱ्यात टाकून तो कोपरा शिवून घ्यायचे. बापाचं वावर लेकीसोबत गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सरकीशिवाय शिवलेलं अंथरूण मय्यतीचं, अशी त्यांच्या घराण्याची समजूत होती, आणि ती मोडायची छाती त्या घरात कोणाला झाली नव्हती.

पण वर्षं फिरली. कधी पावसानं दगा दिला, कधी बाजारभावानं, आणि कास्तकारांची लग्नं चार माणसांत उरकायला लागली. गादी हवीच तर बाजारातून फोमची तयार गादी यायची आणि घरच्या कापसाचा हट्ट मनातल्या मनात गिळला जायचा. इनायतुल्लांच्या छातीत जन्मभराची रुईची धूळ साचली होती, तिचा दमा झाला. बायको, खुर्शीदबी, फुरकान शाळेत जायला लागायच्या आतच अल्लाला प्यारी झाली होती. तेव्हापासून त्या पोराची वेणी-फणी सोडून बाकी सगळं अनीसानंच केलं होतं. बहीण तीच, आई तीच!

फुरकान दहावीत गेला तेव्हा अनीसा अमरावतीच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रोज पहाटेच्या गाडीनं जायची, संध्याकाळी यायची, आणि एसटीच्या खिडकीशी बसून हिशेबशास्त्राची गणितं सोडवताना तिला जगाचा विसर पडायचा. तिला ते आवडायचं... पोटासाठी नाही, पुढे काय होईल म्हणून नाही, नुसतंच आवडायचं! आणि त्याच दिवसांत एकदा घरी आल्यावर तिनं अब्बांचं बोलणं ऐकलं. दम्यानं आता पिंजण्याच्या यंत्रावर बसवत नाही, तर दहावी झाल्यावर फुरकानला शाळेतून काढून दुकानात बसवायचं, असं ते शेजाऱ्याला सांगत होते. दाराआड उभा राहून फुरकान मुसमुसत होता. अनीसा त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी ती घरी आली आणि मान खाली घालून म्हणाली, "अब्बा, मी नापास झाली. मले काई आता शिकाचं नाई. दुकानात मी बसते, फुरकानले शिकू द्या."

खोटं! साफ खोटं! पण खरं सांगितलं असतं तर अब्बांनी तिचं ऐकलं नसतं, आणि फुरकान मोठा होऊन जन्मभर तिच्या उपकाराखाली वाकून चालला असता. त्यापेक्षा नापास झालेली बहीण बरी, असं तिनं ठरवलं. गल्लीनं चार दिवस नापास म्हणून चिडवलं, मग विसरून गेली. तिला मात्र ते विसरता आलं नाही.

पुढे तिनं जे उभं केलं ते पाहून गल्लीनं तोंडात बोट घातलं. हातात एक फोन घेऊन तिनं लहान बाळांच्या दुलयांचे फोटो काढले आणि इंटरनेटवर दुकान मांडलं. पहिली दुलई पुण्याला गेली, मग मुंबई, बंगळूर... शेजारची माणिकबाई आणि तिच्या सोबतच्या बाया दोरे भरायला येऊ लागल्या. इनायतुल्ला प्रत्येक दुलईच्या कोपऱ्यात आपल्या हातानं सरकी टाकायचे आणि अनीसा त्यांचा डोळा चुकवून तो कोपरा उसवायची, सरकी काढायची, पुन्हा शिवायची. बापाचं मनही राखायचं आणि परक्या शहरातल्या गिऱ्हाइकाचंही! मध्ये अकोल्याहून तौहीद नावाच्या चांगल्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा मनात भरण्यासारखा होता. पण आपण गेलो तर दुकान कोण पाहील, फुरकानच्या कॉलेजाचं काय होईल, या विचारानं तिनं नकार कळवला आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दुलया शिवल्या. इतकं सगळं कशासाठी? त्या एका फुरकाननं कॉलेजात जावं, शिकावं, आपल्याला मिळालं नाही ते त्याला मिळावं म्हणून!

आणि तोच फुरकान आज रजई घेऊन परत आला होता.

"काहून सोडलं?" तिनं विचारलं.

"हे पाय आपा, रागावू नको." तो तिच्यासमोर रुईच्या ढिगावर बसला. "मले नोकरी कराचीच नाई. मले आपला हाच धंदा वाढवाचा हाय. मंग तिथं बसून काय करू? ज्या सरानं जिंदगीत एक उशी इकली नाई थो आमाले धंदा शिकवते. मी तिथं पुस्तकातल्या कंपन्या पाठ करून राहिलो, अन् इथं तू खरीखुरी कंपनी चालवून राहिली! गिऱ्हाईक काय मार्कशीट पाहून रजई घेते का?"

"अन् उद्या हे दुकान नाई चाललं तं? हाती काई पायजे का नाई मानसाच्या?"

"माह्या कॉलेजातून पास झालेले पोट्टे पाय ना. चौकात उभे हायेत. डिग्री हाय त्याईच्या हाती, काय केलं त्याचं?" मग तो तिच्याकडे प्रेमानं पाहत म्हणाला, आणि त्या प्रेमामुळंच ते बोलणं अधिक लागलं, "अन् सबूत पायजे असंन तं तूच हाय ना आपा! तू तं नापास झाली होती. तुहं काय अडलं?"

तुझं काय अडलं!... अनीसाच्या ओठांवर शब्द आले. अडलं रे, फुरकान! रोज अडलं. अमरावतीची गाडी गल्लीच्या तोंडावरून गेली की अडलं, तुझी पुस्तकं पुसून ठेवताना अडलं... पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसली होती. तिनं ते शब्द गिळले. आतून अब्बांचा थकलेला आवाज आला, "राहू दे, बेटा. पोरगा घरी आला, चांगलं झालं. दुकानाले मर्द मानूस पायजेच." अनीसानं सुई पुन्हा हातात घेतली. त्या दिवशी तिनं घातलेले टाके वाकडे गेले आणि माणिकबाईनं न बोलता ते उसवून टाकले.

खरं सांगायचं तर फुरकान नालायक नव्हता. पोरगा हुशार, हाताला झपाटा. त्यानं दुलयांचे असे काही फोटो काढले की कोणालाही बाळ व्हावंसं वाटावं! जाहिराती दिल्या, खोकी बदलली, पार्सलं दुप्पट जायला लागली. "आपा, तू आता आराम कर, पार्सलाचं मी पायतो," असं म्हणून त्यानं मोठ्या मनानं तिच्या हातातलं काम काढून घेतलं आणि तिला मागच्या खोलीत गाद्यांवर बसवलं. अनीसा दुखावलेली होती. तिनंही 'बरं' म्हटलं आणि पार्सलांकडे पाहायचंच सोडलं. कोपऱ्यातल्या सरकीचं त्याला सांगायला हवं होतं. पण त्यानं विचारलं नाही आणि हिनं रुसव्यात सांगितलं नाही. घराघरातले घोटाळे असेच होतात.

इनायतुल्ला मात्र पूर्वीसारखेच एकेका कोपऱ्यात सरकी टाकत होते. थरथरत्या बोटांनी, पुटपुटत दुआ करत... कोणाच्या तरी घरी नवं बाळ आलंय, त्याचं अंथरूण मय्यतीचं होऊ नये म्हणून!

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस पोखरला. वेचायला गेलेल्या बाया रिकाम्या ओट्या घेऊन परत आल्या, कितीकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. अशा वर्षीही मोर्शीकडचे जानराव घरचा कापूस घेऊन ओट्यावर आले. किडकं बोंड न्‌ बोंड वेगळं करून, घरातल्या सगळ्यांनी बसून निवडलेला कापूस होता तो. लेकीचं लग्न होतं. "मोसंबी-संत्र्याच्या बागा वाळल्या, इनायतभाऊ, पण पोरीची गादी तं घरच्याच कापसाची होईन," असं सांगून ते गेले. गादी अनीसानं भरली. नवरी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

लग्नसराई तोंडावर आली तेव्हा जानराव गादी न्यायला आले आणि सोबत नवरीही आली. तिनं दुकानात पाऊल टाकलं, अनीसाकडे पाहिलं आणि जागच्या जागी किंचाळली, "अगं माय! अनीसा, तू?"

ती रागिणी होती! एका बाकावर बसून दोघींनी दोन वर्षं काढली होती, एका डब्यात जेवल्या होत्या. रागिणीनं तिला अशी मिठी मारली की तिच्या साडीला रुईच रुई लागली. आता ती त्याच कॉलेजात शिकवत होती. अनीसाच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले आणि त्याच क्षणी तिची नजर आतल्या खोलीकडे गेली. ही काही बोलून गेली तर? आत अब्बा होते, बाहेर फुरकान होता. "बस ना, चहा ठेवते," असं म्हणत तिनं विषय लग्नाकडे वळवला, नवऱ्याचं नाव विचारलं, सासर विचारलं. रागिणी भरभरून सांगत होती.

चहाची कपबशी अजून हातातच होती, तेवढ्यात फुरकान बाहेरून आला. मागून टेम्पोवाल्यानं खोक्यांचा ढीग ओट्यावर लावला. सगळी परत आलेली पार्सलं! फुरकानचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक दुलई त्यानं तिथंच टराटरा फाडली आणि तिच्या कोपऱ्यातून काळपट दाणे जमिनीवर सांडले.

"हे कोनं टाकलं?" तो ओरडला.

इनायतुल्ला भिंतीला धरून बाहेर आले. "मीनं टाकली, बेटा. सरकी हाय थे. बरकतीची..."

"बरकत?" फुरकाननं फोन त्यांच्यासमोर नाचवला. "लोकं फोटो टाकून राहिले, बाळाच्या दुलईत किडे निंघाले म्हनून! शेकडो मानसं वाचून राहिली! इंटरनेटवाल्या कंपनीनं आपलं दुकान बंद केलं अब्बा, बंद! इतक्या वर्सांचं नाव एका दिवसात मातीत गेलं, तुमच्या या बरकतीपायी!"

म्हाताऱ्याला यातलं अर्धंच कळलं. पण मुलगा आपल्यावर ओरडतोय, पाहुण्यांसमोर ओरडतोय, एवढं कळलं. त्यांनी खाली बसून सांडलेली सरकी एकेक करून वेचायला सुरुवात केली.

"फुरकान!" अनीसा कडाडली. "अब्बासोबत बोलून राहिला तू!"

"तू तं बोलूच नको, आपा! तुले माईत होतं ना? मले काहून नाई सांगतलं?" संतापानं त्याचं भान सुटलं होतं. "धंदा वाढवाचा कसा या घरात? एक अनपढ, अन् एक नापास!"

 दोरे भरणाऱ्या बायांचे हात थांबले. ज्यानं कॉलेजाला बिनकामाचं ठरवलं होतं, त्याच्याच तोंडून आज बापाचं न शिकणं आणि बहिणीचं नापास होणं शिवी होऊन बाहेर पडलं होतं... अनीसाला रडू आलं नाही. तिला फक्त खूप थकवा वाटला. ज्याला ओझं होऊ नये म्हणून खोटं बोलले, त्यानंच ते खोटं उचलून तोंडावर मारलं, एवढाच विचार तिच्या मनात आला.

"नापास?" कपबशी खाली ठेवून रागिणी उठली. "कोन नापास?"

"रागिणी, तुले शपत हाय माही... गप बस!" अनीसानं तिचा हात घट्ट धरला.

"नाई बसनार." रागिणीनं हात सोडवला नाही, पण ती फुरकानकडे वळली. "दुसऱ्या वर्षाले अख्ख्या कॉलेजात पयली आली होती तुही बहीण. मी दुसरी होती. निकालाच्या दिवशी आमी पेढे आणले, तं हे पोरगी बसस्टँडवर जाऊन एकटीच बसून होती. मी मागं गेली, इचारलं, काहून रडते? तं म्हने, माह्या भावाले शाळेतून काढून राहिले, थो लहान हाय, थो दाराआड रडते... मी आता येनार नाई. नापास झाली म्हनून सांगीन घरी, तू कोनाले बोलू नको."

फुरकानच्या हातातली फाटकी दुलई गळून पडली.

"अन् एक सांगते," रागिणी पुढे बोलत राहिली. "तू कॉलेजबद्दल म्हनत असशीन थे सारंच काई खोटं नाई. मी एवढी शिकली, तासावर शिकवते, पगार कवा येईन त्याचा पत्ता नसते. डिग्रीनं मानसाचं पोट भरते असं मी छातीठोक नाई सांगू शकत. पन आपल्या बहिनीचं उदाहरन तू देऊ नको, भाऊ. तिनं कॉलेज सोडलं नव्हतं रे... तिनं थे तुले देल्लं होतं!"

 जमिनीवर बसलेल्या इनायतुल्लांनी ओंजळीतली सरकी हळूच बाजूला ठेवली आणि लेकीकडे पाहिलं. 

"अनीसा... तू नापास झाली म्हनाली ना बेटा, तवा मले बरं वाटलं होतं." एकेका शब्दाला दम घेत ते बोलत होते. "दुकानाले हात भेटला म्हनून बरं वाटलं! अल्लाचे शुक्र मानले मीनं... लेकीच्या नापासीचे शुक्र! एका शब्दानं नाई इचारलं, की बेटा, तू तं रातभर वाचत होती, तू नापास कशी झाली? बापानं इचाराले पायजे होतं. इचारलं असतं तं समजलं असतं. म्हनूनच नाई इचारलं."

"अब्बा, असं नका बोलू!" अनीसा धावत जाऊन त्यांच्यापाशी बसली आणि इतक्या वर्षांचा बांध एकदम फुटला. ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. अम्मी गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, कारण तेव्हा फुरकानला गप्प करायचं होतं. आज तोच फुरकान तिच्या पायांशी कोसळला होता.

"आपा... मी काय बोललो! माही जीभ काहून झडली नाई? मले माफ कर, आपा. मी उद्याच अमरावतीले जातो. परीक्षा देतो. तू म्हनशीन तेवढं शिकतो. पन तू मले माफ कर!"

अनीसानं त्याच्या केसांतून हात फिरवला. 

जानराव इतका वेळ आपल्या गादीपाशी उभे होते. फेट्याच्या शेवानं त्यांनी डोळे टिपले आणि अवघडल्या आवाजात विचारलं, "इनायतभाऊ, माह्या गादीत टाकली ना सरकी?"

"टाकली, जानराव."

"मंग थे काढजा नको बाप्पा. औंदा वावरात तेवढंच वाचलं."

पुढचे दिवस उसवण्यात गेले. परत आलेली प्रत्येक दुलई उसवायची, सरकी काढायची, कोपरा नव्यानं शिवायचा. माणिकबाई आणि बाया होत्याच, पण आता त्यांच्या ओळीत फुरकानही मांडी घालून बसायचा. त्याला शिवता येत नव्हतं, बोटं टोचून घ्यायचा, बाया हसायच्या. इनायतुल्लांना त्यानं स्वतः सगळं समजावलं होतं, न रागावता, दोनदा. म्हातारा ऐकून म्हणाला, "शहरातल्या लोकाईनं सरकी पायलीच नाई, त्याईचा काय दोष? त्याईच्या लेकरासाठी नुसती दुआ करत जाईन मी. दुआ काई टोचत नाई." फुरकाननं ज्यांनी ज्यांनी तक्रार केली होती त्या एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला, चूक कबूल केली, नवी दुलई पाठवली. काहींनी फोन आपटला, काहींनी ऐकून घेतलं. दुकान पुन्हा उघडायला बराच काळ लागला आणि पहिल्यासारखी गर्दी काही लगेच झाली नाही.

अशाच एका दुपारी दुलई उसवता उसवता तो म्हणाला, "आपा, हे संपलं का मी जातो कॉलेजात."

अनीसानं दोरा दातानं तोडला. या प्रश्नावर तिनं मनात खूप विचार केला होता. आधी तिला वाटलं होतं, हो म्हणावं. हेच तर हवं होतं आपल्याला! पण जितका विचार करावा तितकं तिला वेगळंच काहीतरी दिसायला लागलं होतं आणि ते पाहताना तिची तिलाच लाज वाटली होती.

"नको जाऊ," ती म्हणाली.

फुरकान चमकला. "अजून राग हाय ना तुह्या मनात?"

"राग नाई रे. तू काय शिकाचं, कवा शिकाचं, थे तुहं तू ठरव. तुले धंदा आवडते, हात चालते तुहा त्याच्यात. उद्या वाटलं तं शिक, नाई वाटलं तं नको शिकू." मग जरा थांबून, मान वर न करता ती बोलली, "मी तुले कॉलेजात नव्हती धाडली, फुरकान. मी मलेच धाडली होती. तू घरी आला का मी इचारत होती ना, आज काय शिकवलं, कोन्ते सर होते, लायब्ररीत कुठं बसला... तुले वाटे, आपा माही चौकशी करून राहिली. माही इच्छा तुह्या खांद्यावर देल्ली अन् वरून म्हनलं, मी तुह्यासाठी केलं. तुले जड झालं असंन थे."

 फुरकाननं हातातली कात्री खाली ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "मंग तूच जा ना."

"मी?"

"दुकान मी पायतो. पार्सलं मी पायतो. अब्बाची दवाई मी पायतो. तू जा, आपा."

"वेडा झाला का? या वयात? अन् मले काय उपयोग त्याचा आता? धंदा तं चालूनच राहिला."

हे वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि ती एकदम थांबली. उपयोग! भावाशी ती ज्या शब्दावरून भांडली, तोच शब्द आज तिच्या मदतीला धावून आला होता. तिनं मनाशी प्रामाणिकपणे विचारलं, तुला खरंच उपयोग हवाय का, अनीसा? आणि आतून उत्तर आलं, नाही. मला ती खिडकीशेजारची जागा हवीय. मला ती गणितं हवीत. पासाचा कागद दाखवून दुलई खपणार नाही, हे फुरकान म्हणतो ते खरंच आहे. पण मला जे हवं ते दुलई विकून मिळालं नाही, हेही खरं आहे...

"पयल्यापासून करा लागंन म्हने रागिणी," ती पुटपुटली. "इतक्या वर्सांनंतर सरळ तिसऱ्या वर्षाले घेत नाईत."

"इचारून ठेवलं का तीनं?" फुरकान हसला.

"मीनंच इचारलं," अनीसानं कबूल केलं आणि लहान मुलीसारखा चेहरा दुलईत लपवला.

आतल्या खोलीतून अब्बांचा आवाज आला. "पयल्यापासून तं पयल्यापासून, बेटा. आपल्याले कोनती घाई हाय?"

उन्हाळा सरला. कॉलेज सुरू झालं त्या सकाळी अनीसानं रुईचा एक कणही राहू नये म्हणून ओढणी तीनदा झटकली आणि तरी बाहीला थोडी रुई राहिलीच. फुरकाननं डबा भरून दिला. पोळ्या जाड होत्या, एक करपली होती. तिनं ते पाहिलं आणि डबा पिशवीत ठेवला. अब्बांना सलाम करून ती ओट्यावरून खाली उतरली.  वर्गात सगळी पोरंपोरी लहान असतील, हसतील, मावशी, खाला म्हणतील... परत फिरावं, असं तिला एकदा नाही, दोनदा वाटलं.

गल्लीतली चार घरं तिनं ओलांडली असतील नसतील, तेवढ्यात मागून माणिकबाईचा आवाज तिच्या कानावर आला. कामाला आलेली माणिकबाई ओट्यापाशी उभी राहून विचारत होती, "चाचा, अनीसा दिसत नाई आज?"

"कॉलेजात गेली," इनायतुल्ला म्हणाले.

लगेच दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आला, परक्या माणसाचा. जुन्या उशा भरून मिळतील का, असं तो विचारत होता. "मिळतीन ना, बसा. पोरगा येतेच आतून," अब्बांनी सांगितलं. दम लागला म्हणून ते थांबले, छातीत हवा भरून घेतली आणि त्या अनोळखी गिऱ्हाइकाला, त्यानं काहीएक विचारलेलं नसताना, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "पोरगी माही कॉलेजात गेली हाय!"

अनीसा अजून गल्लीतच होती. तिनं ओढणीचा पदर डोळ्यांना लावला, आणि अमरावतीची गाडी चुकू नये म्हणून ती झपाझप चालू लागली.